साक्षगंधापर्यंत चूप

८ नोव्हेंबर

अंजू मॅडमनी आज डोक्यात किडा सोडून दिला! रायपूरला त्यांची रोपांची ऑनलाइन नर्सरी. गिऱ्हाइकांना त्यांच्याकडून जे ईमेल जातात — ‘गुलाबाला खत द्यायची वेळ झाली’, ‘नवा मोगरा आला’ — ते सगळे मी लिहितो. इथं सौंदडला घरी बसून, नागपूरच्या कंपनीसाठी.

मॅडम म्हणाल्या, “अतुलजी, दिसंबर में कंपनी से मेरा करार खत्म। लिखते आप हो, नाम उनका। अपनी एजन्सी खोलो, मैं पहली क्लायंट। महीने के आखिर तक बता दो।”

सोचता हूँ म्हटलं. आणखी काय सोचायचं? दोन वर्षं तेच तर करून राहिलो!

९ नोव्हेंबर

नाही करायची. हातचं सोडून पळत्याच्या मागं कोण लागते? ठरलं.

१० नोव्हेंबर

करायची!!

११ नोव्हेंबर

बाबांना सांगून टाकलं. अंगणात धान चुरायची मशीन धडधडत होती, तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. जन्मभर रेल्वेत गँगमन. पगार आणि पेन्शन, बाकी सगळं जुगार.

“अबे, नोकरीवाला पोरगा म्हणून तं सालेकसावाल्यानं सोयरीक धरली! उद्या धंदा म्हणशील तं परवा ते जय भीम करून चालले जातील.”

खरं आहे. मोनालीला मागच्या महिन्यात सालेकसाला पाहून आलो. गोंदियाला एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. दोन्हीकडून पसंती झाली, डिसेंबरात साक्षगंध, पुण्याकडे म्हणतात तो साखरपुडा. आणि आजकाल मुलीवाले पहिले एकच विचारतात — नोकरी आहे का?

बाबांनी मग मशीन बंद केली आणि हळू आवाजात रस्ता दाखवला. “साक्षगंध होऊ दे. लगन होऊ दे. मंग कर काय कराचं ते. पोरीचा पगार आहे, उपाशी तं नाही मरशील.”

आई सुपातलं धान पाखडत होती. “म्हंजे पोरीले फसवाचं?”

“फसवाचं नाही. उशिरा सांगाचं.”

उशिरा सांगायचं! मला पटलं. पटलं याची लाज वाटली, पण पटलंच. मॅडमना कंपनीचा करार लग्नापर्यंत लांबवायला सांगावं का?

१४ नोव्हेंबर

बंटीच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. लहानपणचा दोस्त, याच्यासमोर तरी मन मोकळं करावं. तर हा गडी आधार कार्ड लॅमिनेट करता करता म्हणते, “एजन्सी? गॅसची का?”

समजावून सांगितलं. म्हणे, “अबे, आपल्या इकडे ईमेल पासवर्ड विसरायसाठी असते. वाचते कोन?”

रायपूरला वाचतात, म्हटलं. पुण्याला वाचतात. “मंग तिकडेच जा ना बे, इथं काऊन डोस्कं खाऊन राहिला?” चहा मात्र त्यानंच पाजला.

तिथून स्टेशनपर्यंत चाललो. परत आलो. परत गेलो. पायाला चाक लागल्यासारखं झालं आहे. एका जागी बसवत नाही.

१६ नोव्हेंबर

काही नाही. नुसती चिडचिड. आईवर उगाच ओरडलो.

१७ नोव्हेंबर

मोनाली आठवून राहिली. पाहायला गेलो तेव्हा पोह्याची प्लेट ठेवता ठेवता तिनं एकच प्रश्न विचारला होता — “तुमचे मेल लोक खरंच वाचतात?” मी रुबाबात सांगितलं, शंभरातले पंचवीस उघडतात, हे चांगलं समजतात. ती म्हणाली, “अन् बाकीचे पंच्याहत्तर?”

सगळे हसले. मी पण हसलो, पण दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. साहेबानंसुद्धा नाही.

अशा मुलीला उशिरा सांगायचं? ती पहिल्याच दिवशी ओळखेल. आणि मग जन्मभर माझ्याकडे त्याच नजरेनं पाहील.

१८ नोव्हेंबर

पाठवला. मोनालीला मेल पाठवला!

तिचा नंबर माझ्याकडे नाही. “साक्षगंध झाल्यावर बोला,” असं तिच्या वडिलांनी, शालीकराम काकांनी सांगितलं होतं. पण बायोडाटावर ईमेल आयडी होता. तिच्याच नावाचा. माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे!

सकाळपासून विषय लिहून खोडत होतो. ‘एक महत्त्वाची गोष्ट’ — विमा कंपनीसारखं वाटते. ‘तुमच्यासाठी खास’ — छी! शेवटी नुसतं ‘अतुल, सौंदड’ लिहिलं.

आत सगळं खरं लिहिलं. नोकरी सोडायचा विचार आहे. गिऱ्हाईक सध्या एकच. घरचे म्हणतात लग्नापर्यंत चूप राहा. आणि हेही लिहिलं — तुमची नोकरी आहे म्हणून माझी हिंमत होते, हे कबूल करतो. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मला राग येणार नाही.

एक चावटपणा सवयीनं झाला. मेल उघडला की मला कळते, ती सोय चालू राहिली.

१९ नोव्हेंबर

उघडला! सकाळीच. दुपारी परत उघडला. उत्तर नाही.

२१ नोव्हेंबर

आज पुन्हा. काल पण. अगं, काहीतरी लिही ना! शिव्या दे!

गिऱ्हाइकानं मेल इतक्यांदा उघडला तर आम्ही कंपनीत टाळ्या वाजवतो. इथं मी दर दहा मिनिटांनी आकडा पाहून राहिलो. दुसऱ्याच्या खिडकीत डोकावून पाहणारा मी एक नालायक माणूस आहे.

२३ नोव्हेंबर

शालीकराम काकांचा फोन. उद्या येऊन राहिले — एकटेच.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी काय केलं ते बाबांना सांगितलं. ओरडले नाहीत, हेच वाईट. खाटेवर बसले आणि म्हणाले, “पत्रिकेचा नमुना पाहून ठेवला होता बे मी.” मला रडूच आलं.

आई तेवढं बोलली. “तुटली तं तुटली. खोटी तं नाही जोडली.”

२४ नोव्हेंबर

आले. जेवले. धानाचं बोलले, पावसाचं बोलले, सोयरिकीचा एक शब्द नाही. आईनं वाढलेली वांग्याची भाजी दोनदा घेतली. शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद होता.

निघताना म्हणाले, “जवाई, स्टेशनपर्यंत चला.” जवाई! बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे.

प्लॅटफॉर्मवर त्यांनी कागद काढला. माझाच मेल — प्रिंट काढलेला!

“हा आयडी पोरीच्या नावाचा, पण माह्या मोबाइलात आहे. तिच्या ॲडमिशनच्या वेळी काढला होता. तिले अजून दाखवला नाही मी.”

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

“रोज वाचत होतो, बाबू. तू आपलं सांगून मोकळा झाला. मले जमलं नाही.” मग रुळांकडे पाहत म्हणाले, “तो दवाखाना दिवाळीच्या आधीच बंद पडला. मोनालीची नोकरी गेली. ती म्हणे, सांगून द्या. मी म्हटलं, साक्षगंधापर्यंत चूप राहा. पोराचा पगार आहे, चालून जाईल.”

बाबांचेच शब्द! फक्त माणूस दुसरा. मला हसावं की रडावं कळेना. मी तिच्या पगाराच्या भरोशावर, ते माझ्या. आणि कोणाजवळच काही नाही.

गाडी आली. चढताना म्हणाले, “आता तिले दाखवतो. मंग तुम्ही दोघं पाहा.”

२५ नोव्हेंबर

आईबाबांना काकांचं सगळं सांगितलं. तिचा पगार नाही, म्हणजे एजन्सीचा विचार सोडायला हवा. शहाणा माणूस सोडेल. मॅडमना नाही म्हणायला दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला.

२६ नोव्हेंबर

मेल आला. त्याच आयडीवरून.

‘बाबांनी मोबाइलच हातात दिला. वाचलं. माझी नोकरी गेली हे तुम्हाला कळलं, तुमची राहणार नाही हे मला कळलं. आता लपवायला कोणाजवळ काही उरलं नाही, बरं झालं. मला सध्या वेळच वेळ आहे. न उघडणाऱ्या त्या पंच्याहत्तर लोकांचं काय करायचं ते शिकवा. पगाराचं नंतर पाहू. — मोनाली’

अंजू मॅडमना फोन लावला. हो म्हणालो. त्यांनी विचारलं, “टीम में कितने लोग हैं?”

म्हटलं, दो.