कमी श्वासाची शिट्टी

१० एप्रिल
कर्जतच्या छातीच्या डॉक्टरांनी भास्करला श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं खेळणं दिलं. रोज करा, नाहीतर ऑक्सिजनचं मशीन घरी आणावं लागेल. आमच्या साहेबांनी ते कपाटावर ठेवून दिलं. "रसायनीच्या कारखान्यात जन्म काढला तो चेंडू उडवायला?"
कंपनीने निवृत्तीला शाल दिली. फुप्फुसांबद्दल चकार शब्द नाही.

१२ एप्रिल
नातीसाठी स्टेशनाबाहेर घेतलेली पत्र्याची शिट्टी. सहा भोकं, हिरवं प्लास्टिकचं तोंड. नातीने टाकली, आजोबांनी उचलली. फुंकतो, चक्क. डॉ. ना फोन: "लांब सूर धरत असतील तर तेही चालेल."
पण सगळी भोकं बंद करून खालचा सूर लागतच नाही. शिट्टी किंचाळते, याचा दम संपतो, खोकला. असला माल विकणाऱ्यांना... कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलेले शब्द इथे पुरत नाहीत.

१५ एप्रिल
शाळेत सिस्टर अशाच स्वस्त शिट्ट्या सुधारून आम्हाला वाजवायला देत. आठवलं तेवढं केलं. गरम पाण्यात धरून तोंड काढलं. फुंक ज्या पात्यावर आपटते ते खडबडीत. नखांच्या कानशीने घासलं. त्याच्या अलीकडे तळाशी पोकळी आहे, तिच्यामुळे सूर फाटतो. ती मेणाने भरली. काल जयंतीला विहारात लावलेल्या मेणबत्त्यांची टोकं घरात होतीच.
नणंद कशेळ्याहून आलेली. "वयनी, बुद्धापुढली मेणबत्ती शिट्टीत घातलीस? शिकल्याली तू, तुला कोन सांगनार गं?"
भास्कर: "शके, तुझ्यापेक्षा सुरात वाजते."
बऱ्याच दिवसांनी हसला. मग खोकला.

१९ एप्रिल
शिट्टी दुपारभर खिडकीत राहिली. मेण वितळून फुंकेच्या वाटेत उतरलं, थिजलं. ठार बंद. एप्रिलच्या कर्जतमध्ये मेण भरणारी मी, आणि जगाला मूर्ख म्हणते.
व्यायाम नाही. भिंतीकडे तोंड करून पडलाय.

२२ एप्रिल
मेण टोकरून काढलं. पोकळीत आता नळाच्या जोडाला लावतात ती पुट्टी. शिवाय फुंकेच्या वाटेत तळाला दुधाच्या पिशवीची पट्टी चिकटवली. वाट अरुंद, थोडक्या हवेत काम.
खालचा सूर लागला. स्वच्छ. डोळे मिटून धरून बसला होता. मी स्वयंपाकघरात गेले, उगाच.

१ मे
सूर लांबतोय. मी घड्याळ बघते, तो माझं तोंड बघतो. "मॅडम, वाढला?" वाढला. शेलूला राहणाऱ्या मुलीला फोन करून सांगितलं. ती रडली.
पातं आणखी घासलं, पट्टीवर दुसरी पट्टी. आणखी वाढला.

६ मे
डॉ. कडे. श्वास मोजायच्या मशीनवरचा आकडा मागच्यापेक्षा खाली. बराच.
भांडले. मशीन बिघडलंय तुमचं, हा रोज जास्त वेळ सूर धरतो. त्यांनी शिट्टी मागितली, पुसून फुंकली. फुंकली कसली, नुसता श्वास सोडला. वाजली. "मावशी, हिला हवा लागतच नाही. काय केलंत?"
सांगत गेले. घासलं, भरलं, पट्ट्या घातल्या. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं.
सुधारली ती शिट्टी. मी त्याच्या खात्यावर मांडत होते.
ऑक्सिजनचं मशीन घरी आणायचं का, पुढच्या तपासणीत ठरेल.

७ मे
आज विचारलं, "तुला ठाऊक होतं?"
"दुसरी पट्टी घातलीस तेव्हा. ओठांना कळतं ना."
"मग बोलला का नाहीस?"
"सूर लागत होता गं. आणि तू फोन करत होतीस."
जेवले नाही. तोही नाही, पण त्याला भूकच नसते हल्ली.
मुलीला अजून कळवलेलं नाही.

९ मे
नवीन शिट्टी आणली. तसलीच, हात न लावलेली. घरी फुंकून पाहिली: कर्कश, हवा खाणारी. हिच्यावर दम लागेल, फुप्फुसं हलतील. आणि दोन फुंकांत तो ती फेकून भिंतीकडे वळेल, हेही दिसतंय. जुनीवर तासभर बसेल. उपयोग शून्य.
दोन्ही समोर ठेवून हे लिहितेय.
पडवीतून हाक. "आण गं लवकर, ऊन चढायच्या आत."
कोणती, ते म्हणाला नाही. पुन्हा हाक मारतोय. उठते.