गळ्याची कातडी

तात्या, आज मी एकटीच ठाण्याच्या इस्पितळात जाऊन गळा दाखवून आले. तुम्ही गेल्यापासून त्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं. आता तिथे त्या गोऱ्या साहेबाच्या जागी आपल्यातलेच एक डॉक्टर आहेत, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी उचलून पाहिली, जेमतेमच उचलली गेली. म्हणाले, "बाई, जुनी कातडी पुन्हा आवळत चालली आहे. कापून मोकळी करावी लागेल, मांडीची कातडी लावावी लागेल." मी विचारलं, "नाही केलं तर?" "घास गिळायला आत्ताच त्रास होतोय ना? तो वाढेल." मग बाकीचंही सांगितलं. जखम पिकू शकते, लावलेली कातडी धरेलच असं नाही, क्लोरोफॉर्मने झोपवलेला माणूस क्वचित जागाच होत नाही. सगळं नीट झालं तरी चेहरा सुधारेल अशी आशा धरू नका.

तेव्हा, पहिल्या खेपेला, मला असं कोणी काही सांगितलं नव्हतं. मी लहान आहे, आई चिरोट्यांचा पाक करते आहे, चुलीपलीकडची वाटी घ्यायला मी वाकते आणि तोल जाऊन कढईवरच पडते. पाक हनुवटीला आणि गळ्याला चिकटतो, पुसता पुसला जात नाही. जखमा भरल्या, पण भरताना कातडी अशी आखडली की हनुवटी छातीला टेकली. खालचा ओठ ओढला गेला, लाळ गळायची. कोणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागे. माझं लग्न त्याआधीच लागलेलं. सासरहून, खडवलीहून निरोप आला, मुलगी नीट करा, मग पाठवा. तुम्हाला कचेरीत कोणीतरी सांगितलं की इस्पितळातला साहेब खांद्याची कातडी गळ्यावर आणून बसवतो. आई रडून म्हणाली, "अहो, जिवंत आहे तेवढं पुरे. सुरीखाली देऊ नका तिला." तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "जिवंत तर आहेच. मान वर करून जगू दे." आणि मला म्हणालात, "पूर्वीसारखी होशील हो." मी ते खरं मानलं.

तो गोडसर वासाचा रुमाल तोंडावर आला तेव्हा मी तुमचं बोट धरलेलं होतं. जाग आली तेव्हा तुमचं बोट नव्हतं आणि मान दोन बाजूंच्या उशांत जखडलेली होती. मग ताप चढला. काही दिवसांनी वास येऊ लागला. आधी वाटलं शेजारच्या खाटेवरून येतोय, मग कळलं की तो माझाच आहे. साहेब रोज सकाळी येई, पट्टी उघडून तुमच्याशी इंग्रजीत बोले. एक दिवस तो बराच वेळ बोलत राहिला, बोलता बोलता त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "काय म्हणाले?" तुम्ही म्हणालात, "बरं आहे म्हणतात." एवढं मोठं बोलणं आणि त्याचं मराठी एवढंसं! मला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या क्षणी मी इतकी घाबरले की रडायलाही सुचेना. दुसऱ्या दिवशी साहेबाने काळी पडलेली कातडी कापून काढली.

मान वर आली, निम्मी. ओठाचा डावा कोपरा मात्र कायमचा मेला. हसले की तोंड एकाच बाजूला जाई, पाणी प्यायले की दुसऱ्या बाजूने गळे. खडवलीच्या सासूबाई पाहायला आल्या, ओसरीवरच उभ्या राहिल्या. "ही तर आधीपेक्षा भेसूर दिसते," असं म्हणून चहासुद्धा न घेता गेल्या. त्यांनी मुलाचं दुसरं लग्न केलं. मी पदराने तोंड झाकून घरात वावरू लागले, तेव्हा तुम्ही एकदाच ओरडलात, "पदर काढ तो. तोंड बांधून ठेवायला नेलं होतं का तुला ठाण्याला?" त्याच संध्याकाळी तुम्ही मला पाटी आणून दिलीत आणि स्वतः शिकवायला बसलात. आज कल्याणात मुलींच्या शाळेत मी त्याच उघड्या तोंडाने शिकवते. नव्या मुली आठवडाभर टक लावून बघतात, मग विसरतात.

इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही तेव्हा सगळं सांगायला हवं होतं. आज त्या डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितलं आणि मी तेव्हासारखीच घाबरले. मरणाची भीती आहेच. पण त्याहून जास्त भीती त्या वासाची आहे, शुद्धीवर आल्यावर आणखी एखादा कोपरा मेलेला असेल याची आहे. उजवाही गेला तर शब्द नीट फुटणार नाहीत, मग मुलींना कशी शिकवू? आणि न जावं, तर परवा शाळेत दशमीचा तुकडा घशात अडकला तेव्हा मुली कशा पांगल्या, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टरांना होकार दिला आहे. सोमवारी बोलावलंय.

आईला सांगितलंय की शाळेच्या कामाने गेले होते. ती आता खूप थकली आहे, पण कान शाबूत आहेत. पलीकडे दाराशी तांदूळ निवडत बसली आहे, मधूनच विचारते, "काय गं लिहितेस एवढं?" मी टाक पुन्हा दौतीत बुडवते. तुम्हाला लिहिणं सोपं आहे तात्या, तुम्ही जा म्हणणार नाही आणि जाऊ नको असंही म्हणणार नाही. सांगायला हवं होतं ते तिला. ती दाराशी आहे, चार पावलांवर, आणि मी अजून उठलेले नाही.