गाईच्या आधी मला ओळखायचं होतंस

माय,

तुझी पणती लातूरला जनावरांची डॉक्टर झाली. आज सकाळी भोकरला घरी आली अन् पाय धुवायच्या आधी गोठ्यात शिरली. आपली लाल कंधारी गाय वळूकडून भरवून तीन आठवडे झाले, पुन्हा माजावर आली न्हाई. मी म्हणलं, गाभण राहिली वाटतं. तर ही मला शिकवून राहिली, "आजी, पोटातला जीव अजून नीट चिकटला बी नसतोय, नुसता सुतावानी लांबत असतोय. तेवढ्यातच एक रस सोडून गाईला कळवतोय, मी हाय, आता माजावर येऊ नको. वेळेवर न्हाई कळवलं तर गाय उलटते, पुन्हा माजावर येते, सगळं वाया." तोंड न्हाई, डोळे न्हाईत, अन् निरोप धाडतोय! मला लई नवल वाटलं. अन् लगेच जीव जळाला बी, कारण तू आठवलीस.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी माहेरी आले होते. तेव्हाच्या आपल्या गाईचा माज चुकला होता. तू तिला कुंकू लावलंस, गळ्यात काळा दोरा बांधलास, मूठभर गूळ चारलास अन् शेजारणीला हाळी दिलीस, "गाभण हाय माझी बाई!" मी तिथंच उंबऱ्यावर बसलेली. आपल्या तोंडानं सांगायची लाज, मायनं ओळखायचं असतं. मी अर्धी भाकर ताटात टाकते, तुझ्या डोळ्यांपुढं चिंच चोखते, मुद्दाम ओकाऱ्या काढते. तू म्हणतेस, "पोरी, सर जरा, गाईला पाणी दाखवू दे." तशीच सासरी गेले. तुला पुढं त्या शेजारणीकडूनच कळलं. त्या गाईवर मी जळले तेवढं सवतीवर बी कुणी जळलं नसंल.

तर सांगत काय होते, नात बोलता बोलता थांबली. "बायामाणसात तो रस निराळा असतोय आजी," म्हणाली अन् माझा हात धरला. "मला बी निरोप आलाय. नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई. घरात तुलाच पहिलं सांगून राहिले." माय, मी त्या शेणाच्या हातानंच तिचा मुका घेतला! तिची माय, म्हणजे माझी सून, बादली घेऊन मागं उभी. तिनं सगळं ऐकलं. "आत्याबाई," म्हणाली, "पोटात मी वागवली, अन् मला बादली धरून ऐकावं लागलं. तुमचंच नशीब." अन् आत निघाली. लेक तिच्या मागं धावली, तर म्हणे, "जा, आजीपाशी बस."

आता ती आत भाकरी थापून राहिली, परातीत हात जरा जोरातच पडतोय. हे जळणं माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आत जाऊन तिला तुझी अन् गाईची गोष्ट सांगितली तर तिचा जीव हलका होईल, हे मला कळतंय. पण हा कागद कुठं जाणार न्हाई, म्हणून तुला सांगते. मी उठले न्हाई. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळून राहिलंय, माय. जळू दे की थोडा वेळ.