लाल सोनं

दारव्हा,
नोव्हेंबर २०१७

प्रिय संजय,

जर्मनीत तुझ्या प्रयोगशाळेबाहेर आता अंधार लवकर पडत असेल. इथे दारव्ह्यात अजून ऊन टोचतं. कॉलेजात मी मागच्या महिन्यात पुन्हा ते सोन्याचं द्रावण केलं, अमरावतीला एम.एस्सी.ला असताना आपण दोघांनी केलं होतं तेच. पिवळट पाणी उकळता उकळता आधी काळपट झालं, मग हळूहळू माणकासारखं लाल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र सवयीनं उजवीकडे वळले, तुला दाखवायला.

आता मुद्द्याचं सांगते. घाबरू नकोस, संकट टळलंय. सप्टेंबरात कपाशीवर फवारणी करताना तुझ्या वडिलांना, खेमसिंगकाकांना, विषबाधा झाली. पऱ्हाटी यंदा डोक्याच्या वर गेली होती, औषध थेट डोळ्यांत आलं. तुझ्या आईचा, याडीचा फोन आला, "पोरी, यायले काहीच दिसून नाही राह्यलं." जीपनं यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तुला कळवते म्हटलं तर काकांनी माझा हात घट्ट धरला. "त्याले सांगू नोको. काम टाकून येईन तो." मग कॉलेज सुटलं की मीच जात राहिले. शेजारच्या खाटेवरचा, फवारणीतच विष बाधलेला बळीराम वारला, त्या दिवशी काका भिंतीकडे तोंड करून पडले, जेवले नाहीत.

डोळ्यांपुढचं धुकं हळूहळू विरलं. एकदा म्हणाले, "माहा पोरगा उजेडाचं काय काम करते, मले सांग." नुसतं सांगून जमेना, म्हणून त्या द्रावणाची बाटली नेली, खिडकीत धरली. किती तरी वेळ बघत राहिले. "लाल हाये." इतक्या दिवसांत त्यांनी ओळखलेला तो पहिला रंग. याडीनं तोंडाला पदर लावला. हे सोनं आहे म्हटल्यावर काका हसले. "सोनं तं पिवळं रायते, बाई." मी सांगितलं, केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे सोन्याचे बारीक कण केले, की उजेड पडल्यावर त्यांतले इलेक्ट्रॉन एका तालात डोलतात, हिरवा उजेड गिळतात, लाल तेवढा जाऊ देतात. त्यांनी विचार केला. "म्हंजे सोनं तेच. लहान झालं म्हणून येगळं दिसते?" हो म्हटलं. "मंग एवढ्या दुरून त्याले आपला तांडा कसा दिसत असन?"

काल त्यांना घरी सोडलं. उजवा डोळा स्वच्छ, डावा अजून अंधुक. जीपमध्ये बसताना म्हणाले, "आता लिह त्याले, बरा हावो मी. पण ये म्हणू नोको." त्यांचा निरोप पोचवला. तेवढ्यासाठी फोनही पुरला असता. ते तुला बोलावत नाहीत, संजय. याडीही नाही. इतकी वर्षं मीही बोलावलं नाही, तू आपणहून येशील असं वाटत राहिलं. आता मी बोलावतेय. माझ्यासाठी ये.

तुझीच,
आभा