डोंगरावरच्या मिशा

२ फेब्रुवारी
मामाने नोकरीला चिकटवलं. उपग्रहाचे फोटो बघून नकाशा रंगवायचा. एकाच जागेचे दोन फोटो, एक पावसाळ्यानंतरचा, एक भर उन्हाळ्यातला. दोन्हीत हिरवं ते सदाहरित, त्याला गडद हिरवा रंग. एकातच हिरवं ते हंगामी, पोपटी. कशातच नाही ते खाकी. एकूण चार हजार चौकटी. संपल्या की मी मोकळा. वीस तारखेला मित्रांबरोबर समुद्रावर. सहज जमेल. दहावीचा भूगोल दोनदा केलाय, अनुभव दुप्पट.

३ फेब्रुवारी, दुपारी ३
खोलीला खिडकी नाही. कोपऱ्यात एक झाड, प्लास्टिकचं. अख्ख्या इमारतीत सदाहरित तेवढंच. माझ्या खुर्चीचं एक चाक तुटलंय, दिवसभर डावीकडे कललेला असतो. चौकटी झाल्या फक्त एकशे दहा. शेजारची चष्मेवाली प्रत्येक फोटो दोनदा बघते. म्हटलं, ताई, झाड काय पळून जाणारे? म्हणाली, झाड नाही, तू पळशील.

६ फेब्रुवारी
युक्ती सापडली. एकच फोटो बघायचा, दुसरा अंदाजे. निम्म्या वेळात काम. हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही?

१२ फेब्रुवारी
वैताग. चार दिवस एकच बोडका डोंगर. खाकी, खाकी, खाकी. शेवटी त्याच्यावर साहेबांच्या मिशा काढल्या. गडद हिरव्या, झुपकेदार. दोनशे बारा ठिपके लागले. चष्मेवाली हसली नाही, नुसता चष्मा पुसायला घेतला. उद्या खोडून टाकतो. फोटोतला एक ठिपका म्हणजे दहा मीटर. वरून अख्खा माणूस दिसत नाही, माझी गंमत काय दिसणार!

१३ फेब्रुवारी
खोडायचं राहिलं. उद्या नक्की.

१८ फेब्रुवारी, ५ वाजता
चार हजार पुऱ्या! दोन दिवस आधीच. फाइल दिली. बॅग भरायला घरी.

५.२०
मिशा!

५.४०
परत धावलो. साहेबांनी फाइल वरच्या ऑफिसला पाठवली पण. असू दे. वर कोण बघतंय?

२० फेब्रुवारी
मित्र समुद्रावर. मी साहेबांसमोर. वरचं ऑफिस बेहद्द खूश. बोडक्या डोंगरावर सदाहरित जंगल, आणि आजवर कुणाला पत्ता नाही! शोध माझ्या नावावर. मामा गल्लीभर सांगत सुटलाय, भाचा शास्त्रज्ञ झाला. तसं बघितलं तर माझ्याशिवाय हे जंगल कुणाला सापडलंच नसतं. फक्त जागेवर जाऊन तपासणी होणार म्हणे.

२५ फेब्रुवारी
कबूल करायला गेलो. साहेब, म्हटलं, एखादी चूक झाली असेल. ते म्हणाले, एक चूक निघाली तर चारही हजार चौकटी पहिल्यापासून. बस खुर्चीत.
म्हटलं, चूक नसेल.

४ मार्च
डोंगर. साहेब, चष्मेवाली, मी. झाड एक नाही, नुसते दगड. म्हटलं, कालपरवाच कुणीतरी तोडलं असणार. साहेबांनी नकाशा उघडला. डोंगराकडे बघितलं. पुन्हा नकाशाकडे. मग स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. चष्मेवाली चष्मा पुसत होती.
साहेब म्हणाले, नकाशा वर गेलाय बाळा, तो आता बदलत नाही. डोंगर बदलायचा.

५ मार्च
दोनशे बारा ठिपके, दोनशे बारा रोपं. टाकी खाली, खड्डे वर, मधे मी आणि दोन बादल्या. राहायला पत्र्याची खोली. दोन्ही फोटोंत हिरवं दिसेपर्यंत इथून हलायचं नाही. मोठ्या मनाने हो म्हटलं. पंधरा दिवसांत उरकतो. निघताना साहेब म्हणाले, डावं टोक खाली गेलंय, जरा वर वळव.
मामाला फोन केला. म्हणाला, म्हणजे पर्मनंट झालास की!

२१ मार्च
थोडं लांबेल.

३० एप्रिल, सकाळी ९
चष्मेवालीचा फोन. उन्हाळ्याचा नवा फोटो आलाय. डोंगर खाकी. वरून दिसण्याएवढी झाडं व्हायला किती दिवस, विचारलं. म्हणाली, दिवस नाही, वर्षं. दहा-बारा. आणि म्हणाली, उपग्रह आज साडेदहाला तुझ्या डोक्यावरून जाईल.

१०.३०
बादल्या खाली ठेवल्या. दोन्ही हात हलवले. चांगले जोरात.

१०.३५
ठिपका दहा मीटरचा. माणूस दिसत नाही.