टेबलावरची दोन बायबलं

चिमे,

तुझी आई गेली तेव्हा हॉस्पिटलात राहिलेलं तिचं सामान आणायला चाललोय. तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. दूध तापवलंय.

काल विचारलंस, रोजच्या वाचनाला आणि अभ्यासाला बायबलचं कुठलं भाषांतर सासरी नेऊ. नवं सोपं आहे, पण तुझ्या आईला ते पाणी घातल्यासारखं वाटायचं. ती जुन्या बायबलातून मोठ्यानं वाचायची, मी नव्यात बोट ठेवून बसायचो. शब्द वेगळा आला की मी तिला अडवायचो, आणि मग आमची जुंपायची. आमचा अभ्यास म्हणजे एवढाच.

तेव्हा दोन्ही ने. एक जावईबापूंच्या हातात दे.

आज सकाळी मी एकटाच वाचायला बसलो. अख्खा अध्याय संपला, कुणी कुणाला अडवलं नाही.

बाबा