म्हैसूरला जाताना उघडा राहिलेला नळ

भाईंदर (पूर्व),
९ जानेवारी २००७

ती. वन्सं,

मृणालिनीचा वाकून नमस्कार. (गुडघा धरलाय, त्यामुळे अर्धीच वाकले आहे. उरलेला अर्धा नमस्कार भेटीत.) चिपळूणला थंडी कशी आहे? तुमचं बीपी, तुमचा दमा आणि शेजारणीशी चाललेली कोर्टकेस, तिन्हींची खुशाली कळवा. वर्षभरात एक ओळ नाही असं तुम्ही रागावून लिहिलंत, म्हणून आज सबंध वर्षच लिहायला घेतलंय.

वर्षाची सुरुवात तुमच्या बंधूंनी नोकरी सोडून केली. ऑफिसने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली आणि हे रांगेत पहिले. (एरवी दुधाच्या रांगेतसुद्धा यांच्या पुढे कोणीही घुसतं.) घरी बसल्यावर छंद हवा, म्हणून बोन्साय सुरू केलं. आता खिडकीच्या ग्रिलमध्ये अकरा कुंड्या आहेत. वीतभर वड, वीतभर पिंपळ आणि एक चिंच. ती माझ्या मते मेली आहे, पण विश्रांती घेतेय असं यांचं म्हणणं. (दुपारी दोन ते पाच हेही तेच करतात.) मी हास्य क्लबात जाऊ लागले. सकाळी अर्धा तास बागेत हात वर करून हसायचं. घरी येऊन यांच्याकडे पाहिलं की तेवढा व्यायाम फुकट जातो. कौस्तुभ अंधेरीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याने तीनदा समजावलं, त्यामुळे आता पुन्हा विचारायची सोय नाही.

आता प्रवास, म्हणजे सगळी भानगड तिथलीच. मे महिन्यात आम्ही तिघांनी आठ दिवस म्हैसूर-उटी केलं. राजवाडा छान आहे, पण त्याचं वर्णन आत्ता नको. आमच्याकडचं पाणी तुम्ही पाहिलंच आहे. कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बिल्डिंगमधली निम्मी माणसं नळ उघडाच ठेवतात आणि आवाज झाला की धावतात. तीच सवय तुमच्या बंधूंना. निघताना शेवटी तेच बाहेर पडले, कुलूपही यांनीच लावलं. आणि एरवी वीस मिनिटं येणारं पाणी चौथ्या दिवशी सलग अडीच तास आलं.

आमच्या खाली, तळमजल्यावर, बाळारामशेठ राहतात. ही बिल्डिंग त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. त्यांनी हॉलच्या छताला नुकतंच पीओपी करून मधोमध भलंमोठं कमळ बसवून घेतलं होतं. भर जेवणात ते कमळ त्यांच्या मिसेसच्या, मंजुळाबाईंच्या, बोंबलाच्या कालवणात पडलं. आम्ही परत आलो तेव्हा शेठ खाली अंगणात, फुगलेला सोफा उन्हात घालून त्याच्यावर बसलेले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वयनी, आमचे मिठागरान पन एवरं पानी न्हवतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमचे बंधू दोन दिवस "मी नळ बंद केला होता" म्हणून भांडले. तिसऱ्या दिवशी मात्र कुंड्यांपाशी उभं राहून हळूच म्हणाले, चूक माझीच. लग्नाला तीस वर्षं झाली, यांनी चूक कबूल केल्याची ही पहिलीच वेळ. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली. लाजेखातर कौस्तुभला खाली मदतीला पाठवलं. तो फरशी पुसायला गेला तो दिवाळीपर्यंत जातच होता. दिवाळीत म्हणाला, लग्न करीन तर शेठच्या चांदणीशी.

पोरगी मला मनापासून पसंत आहे. लॅबमध्ये नोकरी करते, हसतमुख आहे. (आमच्याकडे आली की नळ अगदी घट्ट बंद करते, मी मुद्दाम पाहिलंय.) मंजुळाबाईही राजी आहेत. शेठ मात्र अडून बसलेत. म्हणतात, "ज्यांना नल बंद कराला जमत न्हाय, ते माजे पोरीला कशे सांभालतील?" कौस्तुभ धड जेवत नाही, ताटावर बसतो आणि उठतो. वन्सं, मला त्याच्याकडे बघवत नाही.

बाकी सगळं क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुमची,
मृणालिनी

ता.क. संक्रांतीनंतर चार दिवस इकडे याल का? तुम्ही एकवीस वर्षं हेडमास्तरीण होतात आणि शिक्षकांपुढे शेठचा आवाज निघत नाही. तुमचे बंधू लहानपणापासून फार व्यवस्थित आहेत, एवढंच त्यांना सांगायचं. खोटं बोलावं लागेल, पण भाच्यासाठी एवढं करा.

ता.क. २. पत्र पोस्टात टाकायला यांच्याकडे देतेय. पोचलं तर पोचल्याचं कळवा.

ता.क. ३. ताई, दत्ता लिहितोय. पाकीट उघडून वाचलं, रागावू नकोस. नळ मी बंद केला होता. निघताना कौस्तुभने दुसरी किल्ली गुपचूप चांदणीला दिली होती, माझ्या झाडांना पाणी घालायला. (दोघांचं आधीपासूनच होतं.) तिने नळ उघडला तर नळ कोरडा. तेवढ्यात म्हैसूरहून कौस्तुभचा फोन. बोलता बोलता कुलूप लावून पोर खाली गेली आणि तिने स्वतःच्याच बापाचं कमळ पाडलं. आम्ही आल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडत सगळं सांगितलं. मी म्हटलं, आता कोणापाशी बोलू नकोस. आज शेठ आणि उद्या सासू म्हणून मृणालिनी, दोघांचं जन्मभर ऐकून घेणं तिला झेपायचं नाही. मला सवय आहे.

तेव्हा तू ये नक्की, पण मी व्यवस्थित आहे असं काही सांगू नकोस. शेठ हुशार आहेत, विश्वास ठेवणार नाहीत. मुलगा सगळा आईवर गेलाय, असं सांग. आणि नळाचा विषय निघालाच, तर तो मीच उघडा ठेवला. लहानपणापासून ठेवतो म्हणावं.